तिवड्यापासून दूरचा बैल

गेल्या फेब्रुवारीच्या अखेरीस नातीला घेऊन खोडदला गेलो होतो. नारायणगावच्या पूर्वेचं हे गाव जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांना ठाऊक आहे ते तिथल्या जीएमआरटी नावाच्या रेडिओ दुर्बिणीमुळे. दुर्बीण म्हणायची ती सवयीनं. प्रत्यक्षात त्या पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आहेत, पोलादी तारांच्या जाळीच्या, आणि त्या शेतांमधून, गावांच्या कडेनं पंचवीस किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या आहेत. राष्ट्रीय विज्ञान दिनाला तिथं प्रदर्शन भरतं. आजूबाजूच्या शाळांची मुलं आपापले तक्ते आणि हलती प्रात्यक्षिकं घेऊन येतात. नातीच्या शाळेचाही एक तक्ता होता. काळ्या कागदावर पांढरं वर्तुळ आणि त्याचे तीन तुकडे : साधा पदार्थ ५ टक्के, कृष्णद्रव्य २७ टक्के, कृष्णऊर्जा ६८ टक्के.

मी विचारलं, "हे कशावरून गं?"

"म्हणजे काय आबा? पुस्तकात दिलंय."

तिचं काही चुकलं नव्हतं. पण मला ते उत्तर दिवसभर टोचत राहिलं. त्याच आठवड्यात आमचे व्याही घरी आले होते आणि सुपारी कातरता कातरता म्हणाले होते, "अहो, तुमच्या शास्त्रज्ञांनाही शेवटी अदृश्य शक्ती मान्य करावी लागलीच की! विश्वातलं बहुतेक सगळं न दिसणारं, असं तेच सांगतात." व्याह्यांशी वाद घालायचा नसतो म्हणून मी चहा पुढे केला. पण खरं सांगायचं तर नातीचं उत्तर आणि व्याह्यांचा टोमणा यांत मला फारसं अंतर दिसत नाही. न दिसणारं काही आहे म्हणे, आणि मोठ्या लोकांनी सांगितलं म्हणून मानायचं, एवढंच दोघांच्याही हाती लागलंय. ते हाती देणाऱ्यांत तीस वर्षं तालुक्याच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवलेला मीही आहे. माझा त्यातला वाटा पुढे सांगतो.

आधी मळणी सांगितली पाहिजे. माझ्या लहानपणी आमच्या खळ्यावर बैलांची पात फिरायची. मधोमध तिवडा रोवलेला, त्याला बैल एकापुढे एक असे ओळीनं जुंपलेले. तिवड्याजवळचा बैल जागच्या जागी वळल्यासारखा चालायचा, आणि सगळ्यांत बाहेरच्याची मात्र धावाधाव. म्हातारा बैल आत आणि तरणा बाहेर, हा हिशोब त्यामुळेच. सगळे एका दोरीत असल्यानं फेरा सगळ्यांचा एकदमच पुरा व्हायचा.

सूर्याभोवतीचे ग्रह याच्या नेमके उलटे वागतात. त्यांना दोरी नाही, आहे ती गुरुत्वाकर्षणाची ओढ, आणि ती अंतराबरोबर झपाट्यानं ढिली पडते. आतला बुध सेकंदाला ४७ किलोमीटर धावतो, पृथ्वी ३०, आणि तीसपट अंतरावरचा नेपच्यून जेमतेम साडेपाच. सूर्यमालेचं जवळजवळ सगळं वजन मधल्या सूर्यात एकवटलेलं असल्यामुळे हे असं होतं. जितकं दूर तितकं संथ.

हा नियम मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिला. १९८४ साली बी.एस्सी.च्या वर्गात मागच्या बाकावरच्या एका मुलानं विचारलं, "सर, मग आकाशगंगेतले कडेचे तारेसुद्धा असेच हळू फिरत असणार का?" मी म्हणालो, "अर्थात!" आणि पुढचं गणित घेतलं. ते 'अर्थात' साफ चूक होतं. चूक आहे हे चार वर्षांपूर्वीच अमेरिकेत छापून झालं होतं आणि मला त्याचा पत्ता नव्हता. पत्ता नसणं एक वेळ क्षम्य. पण 'मला ठाऊक नाही, बघून सांगतो' असं म्हणायला माझी जीभ रेटली नाही.

छापणाऱ्या बाईंचं नाव व्हेरा रुबिन. यांच्याबद्दल आपल्याकडे फार कमी लिहिलं जातं, म्हणून दोन शब्द जास्त लिहितो. जन्म १९२८चा. पदवीनंतर प्रिन्स्टन विद्यापीठात खगोलशास्त्र शिकायचं मनात होतं, पण त्या विभागात पदव्युत्तर शिक्षणासाठी बायकांना प्रवेशच नव्हता, आणि तो १९७५पर्यंत मिळाला नाही. मुलंबाळं सांभाळत त्यांनी जॉर्जटाऊन विद्यापीठातून १९५४ मध्ये डॉक्टरेट केली. पालोमारच्या प्रसिद्ध वेधशाळेत रीतसर परवानगीनं निरीक्षण करणारी पहिली स्त्री त्या ठरल्या, १९६५ साली. तिथं स्वच्छतागृह एकच होतं आणि ते पुरुषांचं. बाईंनी कागदाचा झगा कापून दारावरच्या माणसाच्या चित्राला चिकटवला आणि कामाला लागल्या, अशी आठवण सांगतात.

केंट फोर्ड या सहकाऱ्यानं तयार केलेला एक नवा वर्णपटमापक त्यांच्या हाती होता. अंधुक उजेडाचाही वर्णपट तो चटकन टिपायचा. या दोघांनी देवयानी दीर्घिकेतल्या तप्त वायूच्या ६७ ठिकाणांचे वेग मोजले. देवयानी म्हणजे पंचवीस लाख प्रकाशवर्षं दूर असलेली आपली मोठी शेजारीण. मोजायची रीत आगगाडीच्या शिट्टीसारखी. गाडी जवळ येताना शिट्टीचा सूर चढतो, लांब जाताना उतरतो. तसा फिरत्या दीर्घिकेच्या एका बाजूचा प्रकाश किंचित निळा होतो, दुसऱ्या बाजूचा किंचित तांबडा. त्यावरून वेग काढायचा. १९७० साली निकाल छापला : कडेला वेग उतरायला हवा तिथं तो फारसा उतरतच नव्हता. एखादी दीर्घिका विक्षिप्त असू शकते, म्हणून त्यांनी आणखी मोजल्या. १९८० साली एकवीस दीर्घिकांचा निबंध आला. त्यांतली सर्वांत लहान आणि सर्वांत मोठी यांच्या त्रिज्यांत तीसपट फरक होता. गोष्ट सगळ्यांची एकच. केंद्रापासून थोडं बाहेर आलं की वेग चढतो आणि मग पार कडेपर्यंत जवळपास तेवढाच राहतो.

म्हणजे मळणीही नाही आणि सूर्यमालाही नाही. बैल सगळे सारख्याच वेगानं चालले आहेत, त्यामुळे बाहेरच्याचा फेरा रेंगाळतो, आणि तरी पळून कोणी जात नाही. आपला सूर्य केंद्रापासून २६ हजार प्रकाशवर्षांवरून सेकंदाला २२० ते २३० किलोमीटर वेगानं फिरतो. एका फेऱ्याला त्याला बावीस-तेवीस कोटी वर्षं लागतात.

यात अडचण काय, असं कोणी विचारील. अडचण वजनाची आहे. वेग अंतराबरोबर उतरत नसेल, तर हिशोब असं सांगतो की केंद्रापासून दुप्पट लांब गेलात तर तेवढ्या घेरातलं वजनही दुप्पट हवं, तिप्पट गेलात तर तिप्पट. पण तारे तर मध्याकडेच दाटलेले. बाहेर अंधार. वायूच्या रेडिओलहरी टिपून ताऱ्यांच्याही पलीकडचे वेग मोजता येतात, कारण हायड्रोजन एकवीस सेंटिमीटरच्या तरंगलांबीवर आपला पत्ता देत असतो. नेदरलँड्समध्ये अल्बर्ट बोस्मा यांनी १९७८ मध्ये तसं करून पाहिलं. तारे संपले तरी वेग खाली येईना. दिसणाऱ्या दीर्घिकेला चहूबाजूंनी वेढणारा, न दिसणाऱ्या पदार्थाचा एक प्रचंड गोळा असला पाहिजे, असं बहुतेकांनी मानलं. कोमा समूहातल्या दीर्घिकांच्या वेगांवरून न दिसणाऱ्या द्रव्याची भाषा फ्रिट्झ झ्विकी यांनी १९३३ सालीच केली होती, पण तेव्हा ती कोणी फारशी मनावर घेतली नव्हती.

या गोळ्याला इंग्रजीत 'हेलो' म्हणतात. टेलिफोनवरचं हॅलो नव्हे. देवादिकांच्या तसबिरीत डोक्यामागे दाखवतात ते तेजोवलय. जे मुळीच उजळत नाही त्याला तेजोवलय म्हणायचं, ही नाव ठेवणाऱ्यांची गंमतच. मी आपलं त्याला आवरण म्हणतो.

खोडदचा संबंध इथं येतो, आणि तो मला नातीला दाखवायचा होता. सप्तर्षींच्या परिसरात, सुमारे एक कोटी प्रकाशवर्षांवर, एनजीसी ३७४१ नावाची एक किरकोळ बटू दीर्घिका आहे. नकाशात शोधली तरी सापडू नये अशी. अयेशा बेगम, जयराम चेंगलूर आणि रशियाचे इगोर काराचेंत्सेव यांनी या खोडदच्या तबकड्या तिच्याकडे वळवल्या आणि २००५ साली निष्कर्ष छापले. तिच्यातला हायड्रोजन तिच्या दिसणाऱ्या कडेच्या आठपटींहूनही दूरवर पसरलेला निघाला, आणि तिथवर तो शिस्तीत फिरत होता. इतक्या दूरचा वेग हाती आल्यावर वजन काढलं. सूर्याइतक्या उजेडामागे सूर्याच्या शंभरपटींहून जास्त वजन! मोठ्या दीर्घिकांत आतल्या भागात तरी ताऱ्यांचा जोर असतो. या चिमुकलीत बहुतेक सगळा कारभार न दिसणाऱ्याचा. टोमॅटोच्या नि उसाच्या शेतांमधून हे मोजलं गेलं, याचा मला जुन्नर तालुक्याचा माणूस म्हणून अभिमान वाटतो. नातीला त्या वेळी ऊसच जास्त आवडला, तो भाग निराळा.

आता आकाराचं. दीर्घिका जेवढी दिसते तेवढीच का, याहून मोठी किंवा लहान का नाही, हा प्रश्न मला फिरण्याच्या प्रश्नापेक्षाही मोहक वाटतो. १९८० सालीच माइक फॉल आणि जॉर्ज एफस्टाथिऊ यांनी त्याचं एक सुरेख उत्तर मांडलं. आधी आवरण जमतं. शेजारच्या गोळ्यांच्या ओढाताणीनं त्याला थोडीशी गिरकी मिळालेली असते. त्यातला वायू उष्णता बाहेर टाकत निवतो आणि आत बसत जातो. कृष्णद्रव्याला निवणं जमत नाही, कारण ते प्रकाश टाकतच नाही. म्हणून ते बाहेरच फुगून राहतं. फुगडी घालणाऱ्या मुली हात आखडून जवळ आल्या की गरगर वाढते, तशी आत येणाऱ्या वायूची गिरकी वाढत जाते, आणि एका टप्प्यावर ती आणखी आत जाऊच देत नाही. तिथं तबकडी बनते. म्हणजे आवरण केवढं आणि त्याची मूळ गिरकी किती, यावर दीर्घिकेचा आकार ठरायचा.

आंद्रे क्रावत्सोव यांनी २०१३ मध्ये बटू दीर्घिकांपासून राक्षसी दीर्घिकांपर्यंत ताळा पाहिला. अर्धे तारे ज्या घेरात मावतात त्याची त्रिज्या आवरणाच्या त्रिज्येच्या साधारण दीड टक्का निघाली. एखाद्या मैदानाच्या मध्यापासून कडेपर्यंत शंभर पावलं भरत असतील, तर अर्धे तारे पहिल्या दीड पावलात. उरलेल्या मैदानात उजेड जवळजवळ नाहीच, नुसती ओढ. लहान मैदान, लहान दीर्घिका. मोठं मैदान, मोठी दीर्घिका.

इथं थांबलो असतो तर लेख छान गोड झाला असता. पण मग मीही वर्गातल्यासारखं 'अर्थात' म्हटल्यासारखं होईल. फुगडीच्या हिशोबाप्रमाणे ज्या आवरणाला जास्त गिरकी, त्याची दीर्घिका जास्त पसरट निघायला हवी. २०१९ साली संगणकावर घडवलेल्या दीर्घिकांमध्ये हे तपासलं, तेव्हा एकेका आवरणाच्या गिरकीचा आणि त्यातल्या दीर्घिकेच्या आकाराचा संबंध जवळजवळ सापडलाच नाही. सरासरी प्रमाण बरोबर, पण त्यामागचं दिलेलं कारण लंगडं.

दुसरी गोष्ट याहून बोचरी आहे. ब्रेंट टली आणि रिचर्ड फिशर यांनी १९७७ मध्ये दाखवलं की दीर्घिकेचा फिरण्याचा वेग आणि तिचं तेज यांचं घट्ट नातं असतं. पुढे तेजाऐवजी तारे आणि वायू यांचं एकत्र वजन घेतलं तेव्हा ते अधिकच नेटकं झालं : वेग दुप्पट तर वजन साधारण सोळापट. आता दोन दीर्घिका घ्या, सारख्याच वजनाच्या. एक आटोपशीर, ठळक. दुसरी तेच तारे चौपट ऐसपैस पसरून फिकी पडलेली. साधी अक्कल म्हणते की दाटीवाटीची जास्त वेगानं फिरावी. प्रत्यक्षात कडेचा वेग दोघींचा सारखाच येतो. नव्वदच्या दशकात अशा फिक्या दीर्घिका हुडकून हुडकून तपासल्या, तरी तेच. मग पसरट दीर्घिकेच्या आवरणानं बरोबर तेवढीच भर घातली, असं म्हणावं लागतं. पुन्हा २०१६ मध्ये स्टेसी मॅगॉ आणि सहकाऱ्यांनी १५३ दीर्घिकांमधल्या २६९३ ठिकाणी ओढ मोजली. फक्त दिसणारं वजन सांगा, एकूण ओढ किती ते जवळपास अचूक सांगता येतं, असं निघालं. न दिसणारं जर पाचपट असेल, तर मालक ते. मग चाकराच्या हिशोबाच्या वहीवरून मालकाची सगळी मिळकत कशी कळते?

हे असंच होणार, असं १९८३ सालीच एका माणसानं लिहून ठेवलं होतं. इस्राएलचे मोर्देहाय मिलग्रोम. त्यांचं म्हणणं असं की न दिसणारं द्रव्य वगैरे काही नाही. ओढ अतिशय क्षीण झाली, म्हणजे पृथ्वीवरच्या गुरुत्वाच्या सुमारे आठ हजार कोटींव्या हिश्श्यापर्यंत उतरली, की न्यूटनचा नियमच बदलतो. हा एकच आकडा धरला की दीर्घिकांचे वेग बिनबोभाट निघतात. खुद्द रुबिनबाईंना विचारलं तर नवा कण सापडण्यापेक्षा नियमच बदललेला आवडेल, असं त्या म्हणत. २०१६ मध्ये त्या गेल्या, तोवर निकाल लागला नव्हता.

नियम की द्रव्य, हा पेच नवा नाही. युरेनस वाट सोडून चालतोय असं दिसलं, तेव्हा फ्रान्सच्या ल व्हेरिए यांनी पलीकडे न दिसणारा ग्रह असणार असा हिशोब मांडला आणि १८४६च्या सप्टेंबरात बर्लिनच्या वेधशाळेत तो सांगितल्या जागेच्या अंशभर अंतरात सापडला. तोच नेपच्यून. याच गृहस्थांनी बुधाच्या चालीतल्या किरकोळ फरकासाठी १८५९ साली सूर्याजवळ आणखी एक ग्रह कल्पिला. लोकांनी त्याला व्हल्कन असं नाव देऊन पन्नासेक वर्षं शोधला. तो नव्हताच. १९१५ मध्ये आइन्स्टाइननं गुरुत्वाकर्षणाचा नियमच नवा लिहिला आणि तो फरक मिटला. माणूस तोच, युक्तिवाद तोच. एकदा द्रव्य जिंकलं, एकदा नियम.

माझा कौल विचाराल तर आज मी आवरणाच्या बाजूनं आहे. मिलग्रोम यांचा नियम दीर्घिकांच्या समूहांत अपुरा पडतो. तिथं तो लावूनही काही वजन कमीच येतं. २००६ मध्ये एकमेकांतून आरपार गेलेल्या दोन समूहांचा अभ्यास झाला. टकरीत वायू मागे राहिला, आणि प्रकाश वाकवणारी ओढ मात्र पुढे निघून गेलेली दिसली. विश्वाच्या बालपणापासून उरलेल्या सूक्ष्मलहरींचा हिशोबही न दिसणाऱ्या द्रव्याशिवाय नीट जुळत नाही. पण हा कौल आहे, श्रद्धा नव्हे. कण अजून कोणी पकडलेला नाही. अमेरिकेत दक्षिण डाकोटातल्या जुन्या सोन्याच्या खाणीत दहा टन द्रवरूप झेनॉन भरून त्याची वाट पाहिली. २०२२ला नाही, २०२४लाही नाही. आपल्याकडे झारखंडात जादुगुडाच्या युरेनियमच्या खाणीत ५५५ मीटर खाली २०१७ मध्ये अशा शोधासाठी प्रयोगशाळा उघडली आहे.

व्याह्यांना मी नंतर एवढंच म्हणालो, "अहो, तुमची ती अदृश्य शक्ती कुठं किती किलो आहे, आणि काय दिसलं तर ती नाही असं तुम्ही मान्य कराल, ते सांगा. आमचे लोक सांगतात." ते हसले. म्हणाले, "तुम्ही मास्तर तो मास्तरच." विषय लग्नाकडे वळला.

शाळांबद्दल मात्र मला गंभीरपणे म्हणायचंय. ते तीन तुकड्यांचं वर्तुळ भिंतीवरून काढा आणि त्याजागी एका दीर्घिकेच्या वेगाचा आलेख लावा. खाली अंतर, उभा वेग. अपेक्षा होती ती उतरती रेघ तुटक, आणि मोजली ती आडवी रेघ ठळक. आठवीच्या मुलाला तो कळतो. त्या दोन रेघांमधली फट म्हणजेच कृष्णद्रव्य, किंवा आपली गैरसमजूत. मुलांनी फट बघावी. टक्केवारी पाठ करून प्रश्नमंजूषेत बक्षीस मिळतं, हे मला ठाऊक आहे, नातीलाही मिळालंय.

परतीच्या एस.टी.त खिडकीशी बसून मी तिला वहीच्या मागच्या पानावर तो आलेख काढून दिला. मळणी तिनं कधी पाहिलेली नाही, तेव्हा तिवडा म्हणजे काय इथून सुरुवात. तुटक रेघ, ठळक रेघ, मग दोन दीर्घिका, एक पसरट आणि एक आटोपशीर. नारायणगाव आलं तेव्हा ती पेन्सिल चावत विचारत होती, "पण आबा, पसरटवालीला कसं कळतं, आपण नेमकं किती वेगानं फिरायचं ते?"

मला ठाऊक नाही, असं मी तिला सांगितलं. पुढच्या फेब्रुवारीत खोडदला कोणाला तरी विचारायचं ठरलंय. प्रश्न तिनं तिकिटाच्या मागे लिहून ठेवलाय आणि तिकीट माझ्या चष्म्याच्या घरात आहे.